परत आल्यावर सांगा

मिलिंद: ...आणि ती लाल बॅग जरा आत ओढून घे, कोणीतरी अडखळेल. तनूला मी मुद्दामच आणलं नाही. शेजारच्या अक्षयाकडे खेळायला ठेवलंय. वारा बघ ना कसला सुटलाय, मार्च संपत आला तरी. अर्थात तुला हा वारा म्हणजे उकाडाच वाटत असेल म्हणा—

स्वराली: मिलिंद.

मिलिंद: भूक लागलीये का? सँडविच आणलंय मी.

स्वराली: मिलिंद, मघापासून तू बॅगांचं बोलून राहिलास, वाऱ्याचं बोलून राहिलास. आई एअरपोर्टवर का नाही आली, ते नाही बोललास.

मिलिंद: घरी गेल्यावर निवांत बोलू ना.

स्वराली: घरी आहे का ती?

मिलिंद: अगं, हळू. लोक बघतायत.

स्वराली: बघू देत बाप्पा. या ट्राममध्ये कोणाला मराठी कळते? आई घरी आहे का नाही, एवढंच सांग.

मिलिंद: ...नाही.

स्वराली: पुढे.

मिलिंद: आई गेल्या, स्वरा. जानेवारीत. संक्रांत झाली आणि पाठोपाठच. न्यूमोनिया झाला.

स्वराली: हं.

मिलिंद: मी असं ट्राममध्ये सांगणार नव्हतो गं. घरी नेणार होतो, आधी पाणी देणार होतो, शेजारी बसून... रोज दाढी करताना वाक्यं जुळवत होतो. सगळी विसरलो.

स्वराली: मला माहीत होतं.

मिलिंद: काय माहीत होतं?

स्वराली: हेच. आई गेली ते. मला तिकडे बर्फावर, मोहिमेवर असतानाच कळलं होतं. मला वाटलं, तुझ्या तोंडून ऐकलं की रडू फुटेल, मोकळं वाटेल. तेही नाही झालं बघ.

मिलिंद: अपूर्वनं सांगितलं ना? मला वाटलंच होतं. तुझ्या भावाच्या पोटात राहायचं नाही.

स्वराली: अपूर्वनं एक अक्षर नाही लिहिलं. तूच सांगितलंस.

मिलिंद: मी? मी प्रत्येक मेल तीन-तीनदा वाचून पाठवत होतो!

स्वराली: कढी.

मिलिंद: कढीचं काय?

स्वराली: जहाजावर दर रविवारी एकेका देशाचं जेवण असायचं. माझी पाळी आली तेव्हा मी मेल टाकला, की आईला विचारून कढीगोळे लिहून पाठव. तू आईच्या नावानं पाठवलंस. "स्वरा बेटा, दही घे, बेसन घे, शेवटी दोन चमचे साखर घाल." साखर! माझ्या आईच्या कढीत? नागपूरच्या कढीत? अरे, तुझ्या घरी पहिल्यांदा गोड कढी वाढली तेव्हा ती मला कानात म्हणाली होती, "बाई, हे लोक कढीचं श्रीखंड करतात काहून?" ती बाई साखर घालायला सांगेल?

मिलिंद: मी... माझ्या आईला फोन करून विचारलं होतं. इंटरनेटवर घेतलं तर तू ओळखशील म्हणून. म्हटलं, घरचं असलं की घरचं वाटेल.

स्वराली: पुण्याची कढी पाठवलीस तू मला. मेल वाचला आणि मी जहाजाच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले ती उठेचना. शेफ विचारून राहिला, आर यू ओके? म्हटलं, रेसिपी चुकली आहे.

मिलिंद: मग विचारलं का नाहीस मला? त्याच दिवशी?

स्वराली: विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

मिलिंद: स्वरा...

स्वराली: मी तशीच केली. साखर घालून. लोकांनी वाट्या पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बर्फावर. आमचं काम कसं असतं, तुला माहीत आहे. एकच बर्फाचा खांब काढायचा आणि पाच टीमनी वाटून घ्यायचा. कोणी त्यातलं मीठ मोजते, कोणी धूळ, कोणी प्लास्टिक, मी शेवाळ. एक जण आला नाही, तर बाकीचे चार तिथे थंडीत उभे राहतात. म्हणून गेले. गॉगलच्या आत रडले, तर पापण्याच चिकटल्या. मग रडायचंही बंद केलं.

मिलिंद: मला वाटत होतं, निदान तू तरी तिकडे सुखात आहेस. घरातलं कोणीतरी एक.

स्वराली: ते तू ठरवलंस ना. मी सुखात राहायचं, हे तू ठरवलंस.

मिलिंद: मी नाही ठरवलं. तू ठरवलंस! आठव जरा. निघण्याआधी जहाजाच्या डॉक्टरनं तुम्हा प्रत्येकाला विचारलं होतं, घरी काही वाईट झालं, तर तिथे कळवायचं की परत आल्यावर? तू घरी येऊन हसत हसत सांगितलंस, "मी म्हटलं, परत आल्यावर सांगा. तिथे कळून मी काय करणार, बर्फावर डोकं आपटणार?" आई तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. त्यासुद्धा हसल्या.

स्वराली: मी वर्ध्याच्या आजीचं धरून बोलले होते! नव्वदी उलटलेली बाई! मला काय माहीत होतं, आईचं...

मिलिंद: आजी ठणठणीत आहेत.

स्वराली: असणारच. तिला काय होतंय!

मिलिंद: हसू नकोस गं अशी. भीती वाटते.

स्वराली: मग काय करू? पोरीला सांभाळ म्हणून मीच आईला इथे आणलं. चाळीस अंशांत राहणारी बाई मी एडिनबराच्या हिवाळ्यात आणून बसवली आणि स्वतः निघून गेले शेवाळ मोजायला. दोन दोन स्वेटर घालून फिरत होती ना घरात?

मिलिंद: तीन. वरून माझा रेनकोट. तशाच तनूला शाळेत सोडायला जायच्या. शाळेसमोर लॉलीपॉपसारखी गोल पाटी धरून मुलांसाठी गाड्या अडवणारी ती बाई आहे ना, तिच्याशी रोज गप्पा. ह्या मराठीत, ती स्कॉटिशमध्ये. मी म्हटलं, आई, तुम्हाला काय कळतं तिचं? तर म्हणाल्या, "तिची सून तिला विचारत नाही, एवढं कळलं."

स्वराली: आणि?

मिलिंद: खरंच विचारत नाही म्हणे. ती बाई आली होती क्रेमेटोरियमला, तिनंच सांगितलं.

स्वराली: कसं झालं ते सांग. सगळं सांग. मला सांभाळून घेऊ नकोस आता.

मिलिंद: साधा खोकला होता. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, तर "जाऊ द्या जी, हवा बाधली." एके दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला. ओठ निळसर दिसत होते. ॲम्ब्युलन्स बोलावली. दोन्ही फुप्फुसं भरली होती. तरी पहिले दोन दिवस बऱ्या होत्या गं. नर्सला नावं ठेवत होत्या, सूप फिकं आहे म्हणून.

स्वराली: तेव्हा मला का नाही कळवलंस?

मिलिंद: मी आईंना विचारलं. म्हटलं, स्वराला बोलावू का? तर माझ्यावरच डाफरल्या. "मिलिंदराव, खबरदार! पोरगी कुठे आहे, काय करून राहिली, काही अक्कल आहे का नाही? खोकल्यासाठी बोलावता काहून तिला?"

स्वराली: तिचं सोड. ती तसंच म्हणणार. आणि बोलावलं असतं तरी मी येणार कशी होते? आमच्या चारी बाजूंनी बर्फ.

मिलिंद: येऊ शकत होतीस.

स्वराली: काय?

मिलिंद: तुमच्या ऑफिसमधून फोन आला होता मला. मीच आधी त्यांच्या कानावर घातलं होतं, सासूबाई हॉस्पिटलमध्ये आहेत म्हणून. ते म्हणाले, जहाजावर कोणाचा तरी पाय मोडलाय, त्याला न्यायला स्वालबार्ड बेटांवरून हेलिकॉप्टर जातंय. एक जागा रिकामी आहे. स्वरालीनं "परत आल्यावर" सांगितलंय, पण घरच्यांनी म्हटलं तर आम्ही तिला कळवू. तासाभरात सांगा.

स्वराली: लार्सचा पाय. आमच्या पक्षीवाल्या लार्सचा पाय मोडला होता.

मिलिंद: मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होतो. आई आत मस्त सूपवरून भांडत होत्या. डॉक्टर म्हणाले, शी इज डूइंग वेल. मी म्हटलं, उगीच हिला तिकडून ओढून आणायचं, इतक्या वर्षांची मेहनत, आणि इथे येऊन बघते तर आई घरी टीव्ही बघतायत. शिव्या घातल्या असत्यास मला.

स्वराली: घातल्या असत्या! घातल्या असत्या ना शिव्या! आई समोर बसली असती आणि मी तुला शिव्या घातल्या असत्या!

मिलिंद: हळू...

स्वराली: मी त्या हेलिकॉप्टरपर्यंत गेले होते, मिलिंद. लार्सची बॅग मी उचलून नेली. मी आत ठेवली बॅग, त्या रिकाम्या सीटवर! पट्टा लावला त्या बॅगेला, हलू नये म्हणून. आणि खाली उतरून टाटा केला. उडेपर्यंत हात हलवून राहिले मी, मूर्खासारखी.

मिलिंद: मला हे माहीत नव्हतं.

स्वराली: तुला कसं माहीत असणार! बॅग बसून गेली रे माझ्या जागेवर. माझी आई इथे... आणि बॅग बसून गेली!

मिलिंद: चुकलं माझं. मी त्यात काही बोलणार नाही. तू मला काहीही म्हण.

स्वराली: तिनं विचारलं का मला? नंतर? खोटं बोलायचं नाही. साखर घालायची नाही.

मिलिंद: विचारलं.

स्वराली: कधी?

मिलिंद: हेलिकॉप्टर गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझा मेल आला होता. तुमच्याकडे भर हिवाळ्यात पाऊस पडला, तो मेल. मी आईंना वाचून दाखवला. करमणूक म्हणून गं! त्यांना तुझे मेल फार आवडायचे. "वर्षानुवर्षं येणारे लोकही गप्प झाले, आई. जिथे थुंकी गोठते, तिथे पाऊस. जो बर्फ मोसमभर टिकेल म्हणून आम्ही निवडला, तोच मधोमध फाटला. आमचा तंबू एका तुकड्यावर, आणि आम्ही दुसऱ्यावर." मी हसत हसत वाचत होतो. वर बघतो तर आईंचा चेहरा...

स्वराली: बोल.

मिलिंद: म्हणाल्या, "बर्फ पातळ झाला म्हणजे. मिलिंदराव, तिला बोलवा." मी म्हटलं, अहो, ती जहाजावर सुरक्षित आहे. तर ऐकेचनात. "जहाज कशावर आहे? बर्फावरच ना? बोलवा तिला. आत्ता बोलवा." रात्री ताप चढला. मग तेच एक. मास्क काढून काढून तेच. "स्वरा आली का? तिला म्हणा, काठावर ये."

स्वराली: आई गं...

मिलिंद: मी ऑफिसला फोन केला. आता मीच म्हटलं, कळवा तिला, आणा तिला. ते म्हणाले, हवामान बिघडलंय, आता काही उडणार नाही. मग मी आईंना सांगितलं, निघाली आहे. येते आहे. खोटं सांगितलं. त्या दाराकडे तोंड करून झोपल्या. पहाटे गेल्या.

स्वराली: दाराकडे तोंड करून.

मिलिंद: हो.

स्वराली: पाऊस पडला, ते मी मजा म्हणून लिहिलं होतं रे. तिला काहीतरी वेगळं सांगावं म्हणून. माझंच वाचून ती...

मिलिंद: वाचलं मी. तू नाही. मी वाचलं.

स्वराली: तो फोन वाजून राहिला तुझा.

मिलिंद: तनू आहे. नंतर करू?

स्वराली: दे इकडे. हॅलो, राणी?

तनू: मम्मी! तू लँड झाली? तू ट्राममध्ये आहे?

स्वराली: हो गं. येतेच आहे.

तनू: बाबानं तुला सांगितला?

स्वराली: सांगितलं, बाळा.

तनू: मी नाही सांगितली. एकदा पण नाही. तू जहाजातून फोन करायची ना, तेव्हा मी बोलली, आजी झोपली आहे. प्रत्येक वेळी बोलली. बाबानं शिकवला नाही, ती स्टोरी मी स्वतः मेक अप केला. तू रडशील आणि बर्फात कोणी नसेल, म्हणून.

स्वराली: शहाणी गं माझी.

तनू: आजीचा बेड मी तसाच ठेवला. अक्षया मावशी बोलली, बेडशीट धुऊ, मी नो बोलली. मम्मी, तू आता रडणार तर रड. आता ओके आहे. मी इथेच आहे.

स्वराली: हो. येते मी. ठेवू का?... ठेवला तिनं.

मिलिंद: तिला मी खरंच काही शिकवलं नव्हतं.

स्वराली: तेच तर वाईट आहे, मिलिंद. एवढीशी पोर. दर वेळी फोन धरून माझ्याशी खोटं बोलायची आणि मी विचारायची, आजी काय एवढी झोपते गं दिवसभर? त्यावर हसायची. कढीच्या नंतर तर मलाही माहीत होतं. मग तिला माहीत, मला माहीत, तुला माहीत, आणि तिघंही आपले आई झोपली आहे म्हणून हळू बोलून राहिलो.

मिलिंद: पण मग कढीनंतरही तू आईंना प्रश्न पाठवत होतीस! टाचांना भेगा पडल्यात, काय लावू? लोकरीचा टाका सुटलाय, कसा घालू? मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही. मी रात्र रात्र शोधत बसायचो. टाका कसा घालायचा, ते मी व्हिडिओ बघून शिकलो. हातात सुया घेऊन.

स्वराली: ओळखलं मी. "उजव्या सुईचे टोक डाव्या सुईच्या मागून घ्यावे." आई अशी बोलते का? ती म्हणाली असती, "आण इकडे, तुला नाही जमायचं."

मिलिंद: मग कशाला विचारत राहिलीस?

स्वराली: उत्तर यायचं म्हणून. खाली "तुझी आई" असं लिहिलेलं यायचं म्हणून. जोवर तू लिहून राहिलास, तोवर मला दिवस ढकलता येत होते. तुझ्यावर जीव लावावा की तुझा गळा धरावा, काही कळत नव्हतं. आताही नाही कळत.

मिलिंद: गळा धर. मला चालेल.

स्वराली: दहावं कोणी केलं?

मिलिंद: मी. अपूर्वचा पासपोर्टच संपलेला निघाला, ऐनवेळी. त्याच्या वतीनं मी केलं. गुरुजी नागपूरहून व्हिडिओवर. न्यूहेवनला समुद्राच्या धक्क्यावर पिंड ठेवला. वारा असा, की फोन अक्षयानं दोन हातांनी धरला होता. कावळे होते गं, दोन बसले होते कठड्यावर. एक पुढे यायला लागला, आणि तेवढ्यात सीगलनं झडप घातली. पानासकट उचलून घेऊन गेला.

स्वराली: म्हणजे कावळा शिवलाच नाही.

मिलिंद: नाही. मी गुरुजींना विचारलं, सीगल चालेल का? ते म्हणाले, परदेशात चालतं.

स्वराली: कावळा शिवायला थांबला असता. आईचा जीव माझ्यात अडकला होता, तर तो थांबला असता. मग तू म्हटलं असतंस ना, की स्वरा सुखरूप आहे, जा तुम्ही?

मिलिंद: म्हणायला तोंड उघडलं होतं. सीगल आधी आला.

स्वराली: देवा रे! साधं एवढंही धड झालं नाही तिचं.

मिलिंद: अस्थी आहेत. सगळ्या. अपूर्व मागतोय, रामटेकला न्यायच्या म्हणून. मी दिल्या नाहीत. तो माझ्याशी बोलत नाही तेव्हापासून. म्हटलं, स्वरा आल्याशिवाय नाही. घरात ठेवू नयेत म्हणतात, म्हणून बाल्कनीत ठेवल्यात. पण बर्फ पडायला लागला तेव्हा मला राहवेना. त्यांच्या शालीत गुंडाळून ठेवल्या.

स्वराली: शालीत?

मिलिंद: थंडी फार होती गं.

(बाल्फर स्ट्रीटचा स्टॉप येतो. दारं उघडतात, बंद होतात. दोघंही उठत नाहीत.)

मिलिंद: आपला स्टॉप गेला.

स्वराली: जाऊ दे. शेवटच्या स्टॉपला, न्यूहेवनपर्यंत जाऊ. मला तो धक्का दाखव. मग घरी जाऊ.

मिलिंद: बॅगा घेऊन?

स्वराली: बॅगा घेऊन.

मिलिंद: स्वरा, तू मला माफ नाही केलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी समजू शकतो. फक्त घरी ये. तनूसाठी ये. मी वाटलं तर काही दिवस बर्मिंगहॅमला दादाकडे जातो.

स्वराली: कुठेही जायचं नाही. आणखी एक माणूस घरातून कमी करतो म्हणे! एवढी चिडले आहे ना मी तुझ्यावर. एवढी, की काय करू, कळत नाही. आणि सांगू कोणाला? लग्न झाल्यापासून तुझं काहीही गाऱ्हाणं असलं की मी आईला फोन करायची. हे सगळ्यात मोठं गाऱ्हाणं आहे, आणि फोन करायला आई नाही.

मिलिंद: काय म्हणाल्या असत्या?

स्वराली: तुझीच बाजू घेतली असती तिनं.